जुनी गाडी तुम्हाला कुठे सापडली आणि ती तुमची कशी झाली? खानदेशातील गाडीमालकांसाठी धागा

बोरीकाठ, अमळनेर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारी जिवापाड सांभाळणारी जी माणसे मला भेटली, त्यांच्यापैकी एकालाही त्याची गाडी जाहिरात वाचून मिळालेली नाही. कोणाला ती गोठ्यात सापडली, कोणाला मामाच्या खळ्यात, तर कोणी दुसऱ्याच कामासाठी गेलेला असताना ती समोर उभी राहिली. या हकिकती कुठेतरी लिहून ठेवाव्यात, म्हणून हा धागा काढत आहे. किमतीची आणि खरेदी-विक्रीची चर्चा इथे नको. गाडी कुठे दिसली, तिच्यात मन का अडकले आणि ती दारात येईपर्यंत काय काय घडले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

सुरुवात मी करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मला गोठ्यासाठी जुने पत्रे हवे होते. गावाबाहेरची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना, बऱ्याच वर्षांपासून बंद होती आणि तिचे पत्रे काढायचे आहेत असे समजल्यावर मी तिथे गेलो. रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, केव्हाच विकले गेले होते, त्यांच्याखालचे सिमेंटचे ओटे तेवढे शिल्लक होते. शेवटच्या खणात सरकीच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती आणि तिच्या आडून एका गाडीचा गोल दिवा दिसत होता. रखवालदाराने आणि मी मिळून पोती बाजूला केली, तेव्हा पद्मिनी निघाली. तिच्यावर कापसाच्या तुसाचा बोटभर थर होता. रेडिएटरच्या जाळीत ते तूस इतके घट्ट बसले होते, की पुढे खराट्याच्या काडीने ते काढण्यात माझे आठ दिवस गेले. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केले होते. पत्रा मात्र शाबूत होता, कारण त्या खणात कधी पाणी गळलेले नव्हते.

इथपर्यंत मला ती केवळ एक जुनी गाडी वाटत होती. मन अडकले ते डॅशबोर्डच्या खणातल्या वहीमुळे. ती ड्रायव्हरची वही होती. प्रत्येक फेरीची नोंद शिसपेन्सिलने, सुबक अक्षरात केलेली होती. 'धरणगाव. पेट्रोल १० लिटर. पुढच्या डाव्या चाकात हवा.' 'चोपडा, शेठजींचा मुक्काम, गाडी धुतली.' 'पारोळा, परतताना पाऊस, वायपर बंद, फडक्याने काच पुसत आलो.' मी पत्रे पाहायला गेलो होतो, पण ती वही वाचता वाचता दुपार टळली. एका माणसाने पगारावर असताना दुसऱ्याच्या गाडीची इतकी काळजी घेतली होती आणि ती गाडी आता पोत्यांमागे पडली होती, हे माझ्याने पाहवले नाही.

गाडी १९७६ सालची आहे. आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात आणि ते चुकीचेही नाही. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हीच गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होत होती आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, हॅन्ड गिअर, म्हणजे स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा, आणि पुढे तीन माणसे बसतील अशी सलग सीट. जिनिंगच्या जुन्या मुनीमजींनी सांगितले, की पैसे भरल्यानंतर गाडी हाती येईपर्यंत काही वर्षे गेली आणि ती मुंबईहून आली त्या दिवशी जिनिंगमध्ये पेढे वाटले होते.

अडचण पुढे आली. गाडी भागीदारी पेढीच्या नावावर होती, भागीदार तीन, आणि तिघांच्याही घरची माणसे पांगलेली. त्याबद्दल नंतर लिहितो. आधी तुमचे अनुभव येऊ द्यावेत.

पांझराकाठ, साक्री

बोरीकाठ भाऊ, धागा काढला हे फार चांगले केले. माझी गाडी मला शोधावी लागली नाही, ती घरातच होती. मला शोधावे लागले ते तिचे इंजिन.

आमच्या आजोबांनी सरकारी लिलावात महिंद्राची जीप घेतली होती. ती सीजे ३-बी, म्हणजे आपल्याकडे जिला हाय बोनेट म्हणतात ती. बोनेट उंच का, याचे कारण मला फार उशिरा समजले. त्या जीपचे हरिकेन इंजिन २.२ लिटरचे असून त्यात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते बसावे म्हणून बोनेट वर उचलावे लागले. आमच्या लहानपणी ही जीप शेंगांची पोती ओढायची, कोंडाईबारीच्या घाटात अडकलेल्या बैलगाड्या बाहेर काढायची आणि लग्नसराईत नवरदेव मिरवायची. फरशीवरच्या गिअरच्या तीन दांड्यांपैकी कोणता कशाचा, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होते.

पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून वडिलांनी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. त्या काळी साक्री-पिंपळनेर पट्ट्यात बहुतेकांनी हेच केले आणि त्यात वडिलांचे काही चुकले असे मी मानत नाही. गाडी चालती राहिली ती त्या डिझेल इंजिनामुळेच. परंतु आजोबांची जीप ज्या आवाजाने ओळखू यायची तो आवाज गेला. २०१९ मध्ये विहिरीजवळची जुनी खोली पाडताना कोपऱ्यात मातीत अर्धवट रुतलेले एक इंजिन निघाले. वडिलांना वाटत होते, की ते कधीच भंगारात गेले असेल. मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. नंबराची जागा साफ झाली आणि एकेक आकडा आरसी बुकाशी जुळत गेला, तेव्हा वडील काही न बोलता उठले आणि आत जाऊन त्यांनी देवाजवळ दिवा लावला. मी त्या जीपमध्ये वाढलो असलो, तरी खऱ्या अर्थाने तिच्यात जीव गुंतला तो त्या संध्याकाळी, असे मला वाटते.

केळीबाग, रावेर

दोन्ही हकिकती मनापासून आवडल्या. माझ्याकडे गाडी नाही, पण आमच्या भागात एक ॲम्बेसेडर उभी आहे आणि मालक वारले आहेत. अशा गाडीचे कागद कसे होतात, हे जाणकारांनी सांगावे. तसेच पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी वेगळा नियम आहे असे ऐकतो, तो नेमका काय आहे?

घाटरस्ता, चाळीसगाव

केळीबाग दादा, आमचे गॅरेज वडिलांपासूनचे आहे आणि कागदांसाठी अडून राहिलेल्या पुष्कळ गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगतो. मालक हयात असेल तर नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणाचा फॉर्म २५ वेगळा. मात्र हे सगळे करण्याआधी एक काम स्वतः करावे. चॅसिस नंबरावर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल घासावी आणि उमटलेली छाप आरसी बुकाशी ताडून पाहावी. आकडा जुळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथून नमस्कार करून परत यावे.

नवा नियम २०२१ चा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात, पण जिची नोंदणी आधीपासून आहे तिला तिचा जुना नंबर ठेवता येतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी, की अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते.

आता दोन शब्द उभ्या गाडीबद्दल, कारण सर्वाधिक नुकसान गाडी सापडल्याच्या पहिल्या दिवशी होते. माणूस आनंदाच्या भरात बॅटरी लावून स्टार्टर मारतो किंवा चार जणांकडून गाडी ढकलून घेतो आणि गंजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा मोडतात. आधी प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल आणि डिझेल सोडावे आणि चार-पाच दिवस गाडीला हात लावू नये. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने किंचित पुढे-मागे हलवावी. इंजिन एक इंच जरी फिरले तरी ते वाचले असे समजावे. टाकीतले जुने पेट्रोल राळेसारखे चिकट झालेले असते, ते पूर्ण काढल्याशिवाय कार्बोरेटरकडे जाऊ देऊ नये. इंजिन सुरू झाले म्हणून लगेच रस्त्यावर जाऊ नये, कारण चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर हमखास जाम झालेले असतात.

आणि आपल्या खानदेशासाठी म्हणून एक. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पेट्रोल एसी पंपातच, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपातच, उकळते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. आपल्या कन्नडच्या घाटात वडिलांनी अशा कितीतरी गाड्यांच्या एसी पंपावर ओले फडके गुंडाळून त्या मार्गी लावल्या आहेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि टाकीत ओल धरते. त्यामुळे नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारच्या रबराचा बसवावा आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

सातपुड्याची लेक, चोपडा

घाटरस्ता दादांची माहिती मी वहीत उतरवून घेतली. आता माझी हकिकत लिहिते. माझे वडील आमच्या गावातील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांकडे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. अडावद, धानोरा, लासूर, वैजापूर असे रोजचे फेरे असत आणि सुटीच्या दिवशी मी वडिलांबरोबर मागच्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसत असे. ही गाडी मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, तिची आकृती मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची, आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१ पासून आपल्याकडे आणली. अर्थात हे सारे मला पुढे कळले. तेव्हा मला एवढेच माहीत होते, की जिथे जीपला दोनदा मागे-पुढे करावे लागते त्या गल्लीत आमचे डॉक्टर एका दमात गाडी वळवतात. हेराल्ड केवळ पंचवीस फुटांत पूर्ण वळते. बाळंतपणासाठी मध्यरात्री बोलावणे आले, की त्या पंचवीस फुटांचे मोल कळत असे.

तिचे बोनेट इतर गाड्यांसारखे उघडत नाही. मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचे पूर्ण तोंड पुढच्या बाजूला कलते आणि सगळे इंजिन मोकळे होते. डॉक्टर पुढच्या टायरवर बसून, चष्मा कपाळावर सरकवून पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, साफ करायचे आणि मी त्यांना पॉलिश पेपरचा तुकडा द्यायचे. त्या गरम ऑइलचा आणि औषधांच्या पेटीतल्या टिंक्चरचा मिसळलेला वास मला आजही जसाच्या तसा आठवतो.

डॉक्टर गेल्यानंतर गाडी वाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांचे चिरंजीव पुण्याहून वाडा विकण्यासाठी आले. गाडीसाठी मोठ्या शहरातील एका व्यापाऱ्याने त्यांना माझ्या ऐपतीबाहेरची रक्कम सांगितली होती. मी गाडी मागायला गेलेच नव्हते, फक्त एकदा तिच्यात बसू द्या म्हणून गेले होते. आत धूळ फार होती म्हणून मी काच खाली घेतली आणि परत वर घेताना सवयीने हँडल आधी अर्धा फेरा उलटे फिरवले, कारण तसे केल्याशिवाय त्या दाराची काच वर येतच नाही. ते पाहत होते. म्हणाले, "ताई, हे बाबांच्या आणि माझ्याशिवाय कोणाला माहीत असेल असे मला वाटले नव्हते." दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की गाडी तुमच्याकडे राहू द्या, जमेल तसे पैसे द्या.

दुरुस्तीला तीन वर्षे लागली. हेराल्डची चॅसिस वेगळी आणि बॉडी तिच्यावर तुकड्या-तुकड्यांनी बोल्टने बसवलेली असते, म्हणून गंजलेला भाग सुटा काढून पत्रा काम करता आले. मात्र पुढची जाळी आणि नावाची अक्षरे रंगकाम करणाऱ्याकडे गहाळ झाली. मूळ अक्षरे मला अजून मिळालेली नाहीत आणि ती जागा मी रिकामीच ठेवली आहे. कोणाच्या अडगळीत असली तर कृपया कळवावे.

तापीतीर, भुसावळ

ताई, तुमची हकिकत वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझी हकिकत लहान आणि वेगळी आहे. वरणगाव रस्त्यालगतच्या एका मळ्यात मी लँडमास्टर पाहिली होती, म्हणजे ॲम्बेसेडर १९५७ मध्ये येण्याच्या आधीची हिंदुस्तान मोटर्सची गाडी, मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून बनवलेली. झाडाखाली उभी होती, चाके नव्हती, पण चारही दारे आणि दिव्यांच्या कडा जागेवर होत्या. मालकाला लगेच विचारले तर तो किंमत वाढवील असे वाटून मी तीन महिने त्या रस्त्याने नुसता येत-जात राहिलो. चौथ्या महिन्यात गेलो तेव्हा झाडाखाली तेलाचा डाग होता. भंगारवाल्याने गाडी जागेवरच गॅस कटरने कापून नेली होती. मालक म्हणाला, "तुम्ही रोज थांबून बघायचे ते मी पाहिले होते, एकदा विचारले असते तर तशीच देऊन टाकली असती." केळीबाग दादा, तुमच्या गावातली ती ॲम्बेसेडर अजून उभी असेल तर उद्याच जाऊन विचारा.

केळीबाग, रावेर

तापीतीर भाऊ, उद्या नाही, आज संध्याकाळीच जातो.

घाटरस्ता, चाळीसगाव

पांझराकाठ भाऊंना एक विचारायचे आहे. मूळ इंजिन सापडल्यावर तुम्ही डिझेल इंजिन काढले का? मी गॅरेजवाला असूनही सांगतो, की चालते इंजिन उतरवताना माझा हात थबकतो. गाडी मूळ रूपात असावी हे खरे, पण मूळ रूपाच्या नादात सुटे भाग मिळेनात म्हणून वर्षानुवर्षे ठोकळ्यांवर उभ्या राहिलेल्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पद्मिनीवाल्यांना तो त्रास तुलनेने कमी, कारण मुंबईच्या टॅक्सी निघत गेल्या आणि त्यांचे भाग बाजारात आले. आता शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला आहे, त्यामुळे किंगपिन, ब्रेक सिलिंडर, पंपाचे पडदे असे जे काही मिळते ते आत्ताच घेऊन ठेवावे.

पांझराकाठ, साक्री

प्रश्न रास्त आहे. आम्ही दोन वर्षे विचार केला. शेवटी वडीलच म्हणाले, की डिझेल इंजिन मी बसवले होते, ते मीच उतरवतो. पेट्रोल इंजिन बोअर करून बसवले आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद करून घेतली. डिझेल इंजिन ग्रीस लावून, ताडपत्रीत बांधून त्याच खोलीच्या जागी बांधलेल्या नव्या खोलीत ठेवले आहे. त्याने तीस वर्षे आमचे घर चालवले आहे, त्याला भंगारात देण्याचा विषयही घरात निघत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांनी इतके भरभरून लिहिले, आता माझी राहिलेली हकिकत पूर्ण करतो. तीन भागीदारांपैकी दोघांच्या घरच्यांनी लगेच सह्या दिल्या. तिसरे स्वतः हयात होते आणि सुरतेला मुलाकडे राहत होते. त्यांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी मी ड्रायव्हरची वही बरोबर नेली. त्यांनी ती सावकाश चाळली, एका पानावर थांबले आणि म्हणाले, की या दिवशी माझ्या आईला इस्पितळात नेले होते. सही करताना त्यांनी एकच अट घातली, की गाडीचा नंबर बदलायचा नाही. घाटरस्ता दादांनी सांगितलेला नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. आता गाडीला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि विंटेज नोंदणी घेतली तरी नंबर तोच राहील, हे वाचून मोठा आधार वाटला.

वही ज्यांची, ते नाना पारोळा तालुक्यात मुलाकडे राहतात हे मुनीमजींकडून कळले. गाडी नेण्यापूर्वी त्यांना विचारणे मला आवश्यक वाटले. मी वही पुढे केली, तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावली आणि म्हणाले, "लई जा भाऊ, पन भंगारमा नको देजो."

गाडी चालती झाल्यावर पहिली फेरी त्यांच्याकडेच नेली. ते ओट्यावर बसले होते. त्यांना पुढे बसा म्हणून खूप आग्रह केला, पण त्यांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चारही चाके पाहिली आणि इंजिन चालू ठेवायला सांगून बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, की चोक अजून अर्धा बाहेर आहे, तो आत घाल. तसा तो खरोखरच होता. त्यानंतर ते मागे बसले. पुढची सीट ड्रायव्हरची आणि मागची शेठजींची, हे मला ठाऊक होते, म्हणून मी दार लावून घेतले आणि आम्ही धरणगावच्या रस्त्याला लागलो. परत आल्यावर त्यांनी वही मागून घेतली, मुलाकडून पेन्सिल आणवली आणि शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून लिहिले, 'धरणगाव. पेट्रोल भरले नाही. गाडी ठीक.'